गाण्याचा क्लास ऑनलाइन न्यायचाय? मग गाऊन दाखवण्याआधी शिकवून दाखवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही संगीत विशारद आहात, म्हणजे शास्त्रीय गाण्याची वरची परीक्षा पास आहात, साताऱ्यात घरी गाण्याचा क्लास घेता, पंधरा-वीस मुलं येतात, आणि आता ऑनलाइन शिकवून चार पैसे जास्त मिळवायचेत. त्यासाठी यूट्यूब चॅनेल काढलं, इन्स्टावर पेज काढलं, स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून टाकत गेलात, नातेवाईक आणि मैत्रिणी छान छान म्हणाल्या पण नवीन विद्यार्थी एकही आला नाही. आता कुणी सांगतंय रोज एक रील टाका, कुणी सांगतंय पैसे भरून फॉलोअर्स वाढवा, आणि घरचे म्हणतात सोड हा नाद.

मी कोल्हापूरला गाणं शिकवते, लॉकडाऊनपासून माझं बरंचसं शिकवणं ऑनलाइनच आहे आणि घर त्यावर चालतं, त्यामुळे खाली जे लिहितेय ते रोजच्या कामातलं आहे, ऐकीव नाही.

नाद सोडू नका. फक्त तुम्ही जे व्हिडिओ टाकताय ते बघून लोकांना कळतं की तुम्ही चांगलं गाता, आणि ज्या आईला तिच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी बाई शोधायच्यात तिचा प्रश्न तो नाहीच. तिला बघायचंय की या बाई माझ्या मुलीशी कशा बोलतील, तिचा सूर हलला तर काय करतील, रागावतील का, कंटाळा आला तर कसं सांभाळतील, आणि फोनच्या स्क्रीनवरून गाणं येतं तरी का. यातलं काहीही तुमच्या सुंदर गायलेल्या यमन रागातून तिला कळत नाही. गाण्याच्या व्हिडिओवर दाद मिळते, विद्यार्थी मिळतो तो शिकवण्याच्या व्हिडिओवर, हे मी माझ्याकडे आणि ओळखीच्या बऱ्याच शिक्षकांकडे बघितलंय, गायक असो, तबलजी असो नाहीतर हार्मोनियमवाले.

आधी यूट्यूबच्या पैशांचं बोलून घेऊ कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा शॉर्ट्सवर (यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंवर) ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस सरासरी तीन मिनिटं थांबतो असं धरलं तरी ८० हजार व्ह्यूज लागतात, आणि शॉर्ट्स फीडमध्ये लोक जे बघतात ते या तासांत धरत नाहीत. एवढं झालं की मग मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, तेही खात्यात १०० डॉलर साठल्यावर हातात येणार. शास्त्रीय संगीत मराठीतून शिकवणाऱ्या छोट्या चॅनेलला यातून महिन्याचं किराणा बिलसुद्धा निघणं अवघड असतं. आता दुसरीकडे बघा, समजा एका क्लासचे ५०० रुपये आणि महिन्याला ८ क्लास, म्हणजे एका मुलाचे ४०००, अशी पाच मुलं मिळाली तर २० हजार झाले. पाच मुलं मिळायला ८० हजार व्ह्यूज लागत नाहीत, योग्य अशा दोन-तीनशे पालकांनी तुमचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला तरी पुरतं. त्यामुळे व्ह्यूज कमी आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका, कोण बघतंय ते बघा.

आणि अजून एक, तुम्ही भावगीतं आणि सिनेमातली गाणी म्हणून टाकलीयत ना, त्यावर उद्या पैसे सुरू झाले तरी ते तुम्हाला मिळतीलच असं नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चाल ओळखते आणि हक्क असलेली कंपनी जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवून घेऊ शकते. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत हे खरं, पण आपण जी प्रसिद्ध चाल म्हणतो ती बऱ्याचदा अलीकडच्या संगीतकाराची असते, तिचे हक्क वेगळे. म्हणून चॅनेलवर पारंपरिक बंदिशी (रागातल्या छोट्या रचना), अलंकार (स्वरांचे ठरावीक क्रम), सरगम, आणि स्वतः बांधलेल्या चाली ठेवा. करावकेचा ट्रॅक लावून म्हटलेलं तर नकोच, तो ट्रॅकसुद्धा कुणाचा तरी असतो.

मग टाकायचं काय? तुमच्या क्लासात रोज ज्या चुका दुरुस्त करता त्याच. भूप रागात मध्यम (म) नाहीच, तरी मुलं गंधारावरून (ग) पंचमावर (प) जाताना तो चाटून जातात, यमनात तीव्र मध्यम अर्धवट लागतो आणि शुद्धच्या जवळ घसरतो, अवरोहात श्वास संपतो म्हणून शेवटचा सा खाली बसतो, त्रितालात सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आली ते हाताला कळतं पण गळ्याला कळत नाही. यातली एक चूक घ्या, ती म्हणून दाखवा, मग बरोबर म्हणून दाखवा, मग दोन्हीतला फरक ऐकायला कसा शिकायचा ते सांगा, आणि घरी करायला पाच मिनिटांचा एकच अभ्यास द्या. चार-पाच मिनिटांत संपवा. कॅमेऱ्यापुढे "नमस्कार मित्रांनो, माझ्या चॅनेलवर तुमचं स्वागत" वगैरे नको, पहिल्याच वाक्यात चूक सांगा, कारण आईच्या हातात फोन आहे आणि गॅसवर कुकर आहे, ती दहा सेकंदात ठरवते थांबायचं का.

दुसरा प्रकार म्हणजे पालकांच्या प्रश्नांची उत्तरं. तुम्हाला फोनवर जे प्रश्न येतात ते एका वहीत लिहून ठेवा, एकेक प्रश्न म्हणजे एकेक व्हिडिओ. गाणं कोणत्या वयात सुरू करावं? हार्मोनियम लगेच घ्यायची का तानपुऱ्याचं ॲप पुरतं? मुलाचा आवाज फुटतोय, तेरा-चौदाचा आहे, आता थांबवू का? (थांबवू नका, खालच्या पट्टीत आणि मध्य सप्तकातच हळू गाऊ द्या, वरची ओढाताण नको, हे तुम्हाला माहितीय पण पालकांना माहीत नसतं आणि ते घाबरून क्लास बंद करतात.) मुलीची पट्टी काळी चार आहे म्हणजे नक्की काय? रियाज किती वेळ करायचा, शाळेच्या परीक्षेत काय करायचं? चाळिशीनंतर गाणं शिकता येतं का, हा तर फार मोठा प्रश्न आहे, आणि हे शिकणारे लोक फी वेळेवर देतात, क्लास बुडवत नाहीत आणि मनापासून शिकतात. मोठ्यांसाठी वेगळी बॅच ठेवा हा माझा आग्रहच आहे, बहुतेक शिक्षक फक्त मुलांच्याच मागे असतात.

तिसरं, परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तुम्ही स्वतः दिल्यात, प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत, तर त्या परीक्षांची तयारी हा तुमचा सगळ्यात पक्का विषय आहे. परीक्षेच्या सत्रांआधी महिना-दोन महिने मुलं आणि पालक झपतालाची दुगुन (दुप्पट लयीत म्हणणं), तालांचे बोल, पलुस्कर आणि भातखंडे लिपीतला (गाणं लिहून ठेवायच्या दोन पद्धतींतला) फरक, रागांची माहिती असलं सगळं शोधत असतात. शिवाय आपल्या बोर्डाच्या दहावीला शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीच्या पालकांची धावपळ वेगळीच असते. किती परीक्षांना किती गुण आणि अर्ज कधी करायचा ते त्या त्या वर्षीच्या बोर्डाच्या परिपत्रकात बघूनच सांगा, अंदाजे सांगू नका. झपतालाच्या १० मात्रा हाताने दाखवत दुगुन समजावलीत तर तो व्हिडिओ दरवर्षी परीक्षेच्या वेळी पुन्हा पुन्हा बघितला जाईल, गणपतीत टाकलेली रील मात्र अनंत चतुर्दशीला संपते.

व्हिडिओचं नाव देताना "सुरांच्या वाटेवर भाग ७" असलं नको. पालक जे बोलतात तेच नाव द्या, "मुलांना गाणं कोणत्या वयात शिकवावं". आणि खाली माहितीत तेच एकदा इंग्रजी अक्षरांतून पण लिहा कारण आपल्यापैकी बरेच जण मराठी इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करतात. त्याच जागी तुमचं नाव, गाव, ऑनलाइन शिकवता हे, आणि व्हॉट्सॲपची लिंक, एवढं प्रत्येक व्हिडिओखाली असलंच पाहिजे. तुमच्या व्हिडिओंखाली मी बघितलं तर नंबरच नाही, मग आवडलं तरी माणूस येणार कसा?

रोज रील टाकायची काही गरज नाही. घर, क्लास, स्वयंपाक, स्वतःचा रियाज हे सगळं सांभाळून रोज रील टाकणारी बाई दीड महिन्यात थकते आणि मग सगळंच बंद पडतं. पंधरा दिवसांतून एक दुपार काढा, मुलं शाळेत असताना, घर शांत असताना, त्या एका दुपारी चार छोटे व्हिडिओ रेकॉर्ड होतात, मग आठवड्याला दोन टाका. त्यातलाच एक मिनिटाचा तुकडा इन्स्टाला. साडी बदलायची असेल तर बदला, नाही बदलली तरी कुणी विचारत नाही. रियाजाचा वेळ मात्र यातून कापू नका, सहा महिने फक्त व्हिडिओ करत बसलात तर गळ्याला ते लगेच कळतं आणि मग विद्यार्थ्यालाही.

सामानावर पण फार खर्च नको. फोनचा कॅमेरा पुरतो, खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. पैसे घालायचेच तर आवाजावर घाला, एक बरा यूएसबी माइक आणि वायरचा इअरफोन. खोलीत चादर, गादी, पडदे असले की आवाज घुमत नाही, बेडरूम हीच सगळ्यात चांगली रेकॉर्डिंगची खोली असते हे खरंच आहे. मागे तानपुरा उभा दिसला तर सुंदर दिसतं, पण तो मिरजेचाच पाहिजे असं काही नाही, ॲप लावलं तरी चालतं.

आता कुठे कुठे असायचं. तुमच्याकडे मुलं प्रत्यक्ष घरी येतात म्हणून गूगल मॅपवर व्यवसाय म्हणून नोंद करा, ती फुकट आहे आणि पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या क्लासला ती मिळत नाही, म्हणजे हा तुमचा फायदा आहे. साताऱ्यात कुणी "गाण्याचा क्लास" शोधलं की तिथे तुम्ही दिसायला हव्यात. सध्याच्या पालकांना रिव्ह्यू लिहायला सांगा, फक्त "छान क्लास" असं नको, मुलगी किती दिवसांपासून येते आणि काय बदल वाटला ते त्यांच्या शब्दांत. रिव्ह्यूच्या बदल्यात फी कमी करू नका, गूगलला ते चालत नाही आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. परदेशातली आई पण तुमचं नाव कळल्यावर आधी गूगलच करते, तिला तिथे साताऱ्यातल्या दहा खऱ्या पालकांनी लिहिलेलं दिसलं की अर्धं काम तिथेच झालं. सगळीकडे नाव एकच ठेवा, इन्स्टावर "सुरमयी", यूट्यूबवर "स्वरसाधना" आणि गूगलवर तुमचं स्वतःचं नाव असं असेल तर माणूस गोंधळतो. मी तर म्हणेन स्वतःचंच नाव ठेवा आणि पुढे "गायन वर्ग" जोडा, विद्यार्थी तुमच्याकडे येतोय, संस्थेकडे नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या सिमवर घ्या. घरचा नंबर लोकांना देऊ नका, हे मी विशेष करून बायकांना सांगते, रात्री अकराला "हाय मॅम" असे मेसेज येतात आणि घरात उगीच वाद होतात. बिझनेस ॲपमध्ये ठरलेल्या वेळेनंतर आपोआप उत्तर जाईल असं लावता येतं, फी आणि वेळांची माहिती तयार ठेवून एका शॉर्टकटवर पाठवता येते, आणि चौकशी, ट्रायल झाली, चालू विद्यार्थी, सोडलेले अशी लेबलं लावता येतात. ही लेबलंच पुढे तुमची सगळ्यात मोठी कमाई आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकदम अनेकांना मेसेज पाठवायच्या यादीत) २५६ लोक बसतात पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून पहिल्या फोनलाच सांगायचं, नंबर सेव्ह करून ठेवा. चॅनेल, पेज हे सगळं दुसऱ्याच्या जागेत आहे, उद्या पेज गेलं तर काय उरतं तर हे नंबर. आणि पेज जातं, खरंच जातं. तुमच्यावर कॉपीराइटची तक्रार आलीय, २४ तासांत या लिंकवर लॉगिन करा असा मेसेज येतो, घाबरून माणूस पासवर्ड टाकतो आणि खातं गेलं. सगळ्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं कुलूप) आजच लावा, उद्यावर ढकलू नका.

परदेशातल्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण उत्पन्न तिथे आहे आणि गोंधळही तिथेच आहे. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात, ऑस्ट्रेलियात मराठी घरं आहेत, त्यांची महाराष्ट्र मंडळं आहेत, मुलांसाठी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत. या पालकांना गाणं हवं असतंच पण त्याबरोबर मुलाने तासभर कुणाशी तरी मराठी बोलावं हेही हवं असतं. काही जण मला सांगतात की मुलगा आजीशी फोनवर इंग्रजीत बोलतो, तुमच्याशी मराठीत बोलतो. म्हणून तुम्ही मराठीतून शिकवता ही अडचण समजून झाकू नका, पहिल्या ओळीत लिहा. मंडळांना मोठे मोठे ईमेल पाठवून काही होत नाही, एका घरातलं एक मूल नीट शिकलं, त्याने तिथल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात स्टेजवर एक अभंग म्हटला, की पुढच्या आठवड्यात तीन फोन येतात. त्यामुळे पहिल्या मुलाची तयारी त्या कार्यक्रमाच्या हिशेबाने करा. गणपती, दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा, तिकडे हे कार्यक्रम सोयीने शनिवार-रविवारी होतात, तारीख आधी विचारून ठेवा.

वेळेचं गणित कागदावर लिहून भिंतीला लावा. न्यूयॉर्कचे शनिवार सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे तिकडची मुलं घ्यायची तर रात्र जाणार, आधीच ठरवा जमणार का. लंडनचे सकाळचे १० आपल्याला दुपारी अडीच नाहीतर साडेतीन, ही सगळ्यात सोयीची वेळ. दुबई आपल्या दीड तास मागे. सिडनीचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपली दुपार, साडेअकरा किंवा साडेबारा, तीही छान कारण तेव्हा आपली मुलं शाळेत असतात. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, इंग्लंड-युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्या आठवड्यांत आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेज टाका नाहीतर कोणी तासभर आधी येतं कोणी तासभर उशिरा. घड्याळ बदलतं तेव्हा तुमच्या दोन बॅच एकमेकींवर येत नाहीत ना तेही आधीच बघून ठेवा.

शिकवताना दोन्हीकडून एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला उशीर होतो, हे पालकांना ट्रायलच्या आधीच सांगून टाका म्हणजे अपेक्षा बरोबर राहते. मी म्हणायचं, मग मुलाने म्हणायचं, त्याच्या घरी त्याचा तानपुरा चालू, माझ्या घरी माझा. झूमवर "ओरिजिनल साउंड" चालू करा, दोन्हीकडे, नाहीतर ते ॲप तानपुऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतं आणि लांबवलेला सा मध्येच गायब होतो. फुकटच्या झूमवर मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते, सुरुवातीला ४० मिनिटांचाच क्लास ठेवा, लहान मुलांना तेवढा पुरतो.

ट्रायल क्लास हा तुमच्या सगळ्या ऑनलाइन धडपडीचा कळीचा तास आहे, त्याचीच तयारी लोक करत नाहीत. माझं मत, फुकट ठेवू नका, थोडी फी घ्या आणि पुढे प्रवेश घेतला तर पहिल्या महिन्यात वळती करा. फुकट असेल तर लोक चार बायकांकडे ट्रायल घेत फिरतात, ऐनवेळी येत नाहीत. त्या अर्ध्या तासात आधी मुलाला येत असलेलं काहीही म्हणू द्या, मोरया, शाळेची प्रार्थना, काहीही, त्यातून पट्टी ओळखा, मग एक छोटा अलंकार शिकवा, चुकलेली एकच गोष्ट दुरुस्त करा आणि मुलालाच आधीचं आणि नंतरचं म्हणायला लावा. शेजारी बसलेल्या आईला तो फरक स्वतःच्या कानाने ऐकू आला पाहिजे. शेवटची पाच मिनिटं आईसाठी, पुढच्या तीन महिन्यांत काय होईल आणि काय होणार नाही ते स्पष्ट सांगायचं. तीन महिन्यांत रिॲलिटी शोमध्ये जाईल असं बोलू नका, कितीही विचारलं तरी. तीन महिन्यांत सूर धरून दहा अलंकार आणि एक सरगम गीत नीट होतं, हे सांगा, लोकांना ते पटतं.

फी महिन्याच्या सुरुवातीला, आगाऊ. किती क्लास, मुलाने बुडवला तर काय, तुमच्याकडून बुडला तर काय, हे चार ओळींत लिहून प्रवेशाच्या वेळी पाठवा. मराठी माणसाला फी मागायला लाज वाटते, माझ्या ओळखीत कितीतरी गुणी लोक त्यामुळे मागे राहिलेत, तर मागायची वेळच येऊ देऊ नका, नियमच तसा ठेवा. परदेशी विद्यार्थ्याची फी जास्त ठेवायची का? ठेवा, रात्रीचा वेळ देताय, सुट्टीचा दिवस देताय. पण शिकवण्यात फरक करू नका.

पैसे घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मुलाचे आजी-आजोबा पुण्यात नाहीतर नाशिकला असतात, ते यूपीआयने भरतात. बऱ्याच अनिवासी पालकांचं इकडे एनआरई किंवा एनआरओ खातं असतं, त्यातूनही येतात. थेट डॉलरमध्ये घ्यायचे तर पेपल चालतं, भारतातल्या भारतात ते २०२१ पासून बंद आहे पण बाहेरून पैसे येतात, फक्त त्यांचं शुल्क आणि डॉलरचा त्यांनी लावलेला भाव दोन्ही बघून फी ठरवा. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेची कागदपत्रं जपून ठेवा. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तुम्ही त्याच्या खूप आत असाल, तरी परदेशी फी सुरू झाली की एकदा सीएकडे बसून या आणि इन्कम टॅक्स रिटर्न पहिल्या वर्षापासून भरा. उद्या घरासाठी कर्ज घ्यायला गेलात तर बँकेला तुमचं उत्पन्न कागदावर दिसलं पाहिजे. आपल्याकडे क्लास घेणाऱ्या बाईची कमाई ही "हातखर्चाला होतं काहीतरी" अशीच धरली जाते, ती कागदावर आली की घरातलं बोलणंही बदलतं, हे मी मनापासून सांगतेय.

फसवणुकीचं एक बघून ठेवा. "माझ्या मुलीसाठी तीन महिन्यांची फी एकदम पाठवतो" म्हणून फोन येतो, मग चुकून जास्त पाठवले, बाकीचे परत करा असा खोटा मेसेज दाखवतात, किंवा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. बँकेचं ॲप उघडून जमा दिसल्याशिवाय काहीही परत पाठवू नका.

फॉलोअर्स विकत घ्यायचा विषय तर आजच बंद करा. ते पालक नसतात, बऱ्याचदा माणसंही नसतात, आणि दहा हजार फॉलोअर्सच्या पेजवर सात लाइक दिसले की बघणाऱ्याचा विश्वास उडतो. जाहिरातीवर पैसे टाकायचे असतील तर आधी विनापैशाचा एखादा व्हिडिओ चालून त्यावरून चौकशी आलेली असू दे, मग तोच व्हिडिओ थोड्या पैशांत, सातारा-कराड-वाईच्या पालकांपुरता पुढे ढकला.

विद्यार्थ्यांचे व्हिडिओ टाकणार असाल तर आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरची चालते पण ती जपून ठेवा. आडनाव नको, शाळेचं नाव नको, गणवेश नको. काही मुलांचा नुसता आवाज आणि वहीतलं स्वरलेखन दाखवलं तरी छान होतं. आणि मुलाला विचारा, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आपलं कच्चं गाणं जगाने ऐकलेलं आवडत नाही, त्यांचं ऐकायचं.

मोजायचं काय ते सांगते. सबस्क्रायबर बघू नका, एक वही करा, महिन्याला चौकशा किती आल्या, प्रत्येकाला विचारायचं माझं नाव कुठे कळलं, त्यातल्या किती जणांनी ट्रायल घेतली, किती राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात किती टिकले. चौकशाच येत नसतील तर व्हिडिओत किंवा नावात काम करायचं. चौकशा येतात पण ट्रायलला कोणी येत नाही तर उत्तर उशिरा जातंय किंवा फी नीट सांगितली जात नाहीये. ट्रायलनंतर जातात तर ट्रायल सुधारायची. आणि तिसऱ्या महिन्यात गळती होत असेल तर बाकी सगळं थांबवून शिकवण्याकडेच बघायचं. माझ्या अनुभवात नीट केलं तर पहिले ओळखीबाहेरचे विद्यार्थी यायला चार-सहा महिने जातात, घरच्यांनाही हाच आकडा सांगा, म्हणजे दुसऱ्या महिन्यात कुणी टोमणे मारणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की आधीचे गाण्याचे व्हिडिओ काढून टाकू का. पारंपरिक बंदिशींचे राहू द्या, वेगळ्या प्लेलिस्टमध्ये ठेवा, शिकवण्याचा व्हिडिओ बघून आलेली आई नंतर ते नक्की ऐकते आणि तिचं मत पक्कं होतं. करावकेवर म्हटलेली गाणी फक्त प्रायव्हेट करा. भूपातल्या मध्यमाचा व्हिडिओ सगळ्यात आधी करा, तो तुमचा रोजचाच विषय आहे, आणि टाकायच्या आधी क्लासातल्या एखाद्या आईला दाखवून तिला कळलं का ते विचारा.